शोभेची दारू आणि आपला दसरा

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असा आग्रह झाला. पाककृती, भरतकाम, जात्यावरच्या ओव्या हे विषय इतर भगिनींनी आधीच घेतले होते. "तुम्हांला जुन्या गोष्टींची आवड आहे, तुम्ही इतिहासावर लिहा," असे मला सांगण्यात आले. इतिहास म्हटला की लढाया आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. मला मात्र आठवली ती आपल्या रामलीला मैदानावरची दसऱ्याची एक रात्र.

आश्विनातली ती संध्याकाळ विलक्षण उकाड्याची होती. परतीचा पाऊस दुपारी एक सर टाकून निघून गेला होता आणि जमिनीतून नुसती वाफ निघत होती. झाडाचे पान हालत नव्हते. सतरंजी अंथरून, पदराने वारा घेत आम्ही दहाबाराजणी मुलाबाळांसह बसलो होतो. समोर रावण उभा होता. ध्वनिक्षेपकावर वाजंत्री चालू होती. इतक्यात पहिला बाण सरसर वर गेला, फुटला आणि सारे मैदान एकदम उजळले. वारा नसल्यामुळे धूर हालेना, तो डोक्यावर ढगासारखा थांबून राहिला. पुढचा बाण त्या धुरात फुटला, तेव्हा धूरच आतून तांबडा झाला. माझ्या मांडीवर बसलेली नात म्हणाली, "आज्जी, आधी उजेड अन्‌ मागून आवाज, असं का ग?"

तिला सांगितले, उजेड क्षणात पोहोचतो, पण आवाजाला सेकंदाला सुमारे ३४० मीटर एवढीच चाल असते. उजेड दिसल्यावर तीन अंक मोजून झाल्यावर आवाज आला, तर बाण आपल्यापासून सुमारे एक किलोमीटरवर फुटला असे समजावे. मुलांना मोजण्याचा खेळच मिळाला. मला मात्र दुसराच प्रश्न पडला. ही शोभेची दारू आपल्या गावी आली कोठून, आणि राहिली कशी?

प्रथम शब्दाविषयी. 'दारू' म्हणताच कोणी दचकू नये. फारसीत दारू म्हणजे औषध. 'दवादारू' या आपल्या जोडशब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. गंमत अशी की, जेथे ह्या मिश्रणाचा शोध लागला त्या चीन देशातही त्याचे नाव 'आगीचे औषध' असेच आहे. सोरा, कोळसा आणि गंधक हे त्याचे तीन घटक. सोरा सुमारे तीन हिस्से, आणि उरलेल्या एका हिश्शात कोळसा अन्‌ गंधक. हे मिश्रण तोफेत भरले की भिंत पाडते आणि कागदाच्या नळीत भरले की फूल फुलविते.

आपल्या देशातील शोभेच्या दारूचा इतिहास एका मराठी पंडिताने चिकाटीने जमविला, हे आपल्याला ठाऊक असावयास हवे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांचा ह्या विषयावरील इंग्रजी निबंध १९५३ साली पुस्तकरूपाने निघाला. गोडे यांनी पोथ्या आणि प्रवासवर्णने चाळून दाखविले की, पंधराव्या शतकापासून आपल्याकडे दारूकामाचे उल्लेख सापडतात. १४४३ साली इराणच्या बाजूचा अब्दुर रझ्झाक हा वकील विजयनगरला होता. त्याने महानवमीचा उत्सव पाहिला आणि तेथील तऱ्हातऱ्हांच्या दारूकामाचे वर्णन करावयाचे तर फारच विस्तार करावा लागेल, अशा अर्थाचे लिहून ठेवले. म्हणजे हा उल्लेखही दसऱ्याचाच! त्यानंतर ओरिसाचा राजा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या नावावरील 'कौतुकचिंतामणि' या संस्कृत ग्रंथात तर दारूकामाच्या कृतीच दिल्या आहेत. त्यांची नावे पाहा: कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंद्रज्योती, पुष्पवर्ती. आपण जशा लाडवांच्या कृती वहीत उतरवून घेतो, तशाच ह्या कृती. सोरा इतका, गंधक इतका, लोखंडाचा कीस इतका.

आणि आपल्या मराठवाड्याचा दाखला तर घरातलाच आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांनी 'रुक्मिणीस्वयंवर' १५७१ साली काशीस रचले. मुलीचे लग्न ठरावे म्हणून ज्या पोथीचे पारायण आपल्या घरोघरी होत आले, तीच ही पोथी. त्यातील लग्नसोहळ्यात बाणांपासून फुलबाजीसारख्या प्रकारापर्यंत शोभेच्या दारूचे वर्णन आले आहे. श्रीकृष्णाच्या काळी दारू नव्हती हे खरे. परंतु नाथांनी आपल्या काळची वरात डोळ्यांसमोर ठेवून देवाचे लग्न लावले. त्यामुळे साडेचारशे वर्षांपूर्वीची थाटाची लग्ने कशी होत, हे आपल्याला कळते. पारायण करताना ह्या ओव्या आपल्या तोंडून कितीदा गेल्या असतील, आणि आपले लक्ष गेले नसेल.

आता पेशवाईतला एक प्रसंग सांगते. महादजी शिंदे १७९२ साली पुण्यास आले. पेशव्यांच्या बखरीत लिहिले आहे की, त्यांनी तरुण सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीची हकीकत सांगितली. कोट्याचा राजा नगराबाहेर 'दारूची लंका' उभारतो. मध्ये रावण, भोवती राक्षस आणि वानर, आणि एक मोठा मारुती, सारे दारूचे. मारुतीच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडत जाऊन लंकेतील एकेक घर पेटवितो. पेशव्यांना ते पाहण्याची इच्छा झाली. महादजींनी पंधरावीस दिवसांत सिद्धता केली आणि एका अंधाऱ्या रात्री पर्वतीच्या पायथ्याशी लंका पेटली. पेशवे सरदार-मानकऱ्यांसह पर्वतीवर बसून पाहत होते आणि खाली पुण्याचे लोक लोटले होते. तेव्हा हल्लीचे हिरवे-निळे रंग नव्हते. ते रंग पुढे एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्राच्या वाढीबरोबर आले. तांबड्यासाठी स्ट्राँशियम, हिरव्यासाठी बेरियम, निळ्यासाठी तांबे. पर्वतीची लंका बहुधा पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्यांचीच असेल. पण सोन्याच्या लंकेला सोन्याच्या ठिणग्या शोभल्याच असतील!

दारूचा रावण आणि त्याभोवती लोटलेले गाव. हे चित्र वाचताना मला आपले मैदान आठवल्यावाचून राहिले नाही.

हिंगोली हे निजामाच्या राज्यातील लष्करी छावणीचे ठाणे होते. ज्या फौजेला पुढे हैद्राबाद कंटिंजंट म्हणू लागले, तिच्या पलटणी येथे असत. रिसाला बाजार, तोफखाना, पलटन, पेन्शनपुरा ही नावे आपण भाजी आणावयास जाताना रोज उच्चारतो. रिसाला म्हणजे घोडदळ. तोफखान्याचा अर्थ सांगावयास नको. पेन्शनपुरा म्हणजे नोकरी संपल्यावर घरी न परतता येथेच राहिलेल्या शिपायांची वस्ती. ह्या फौजेत उत्तर हिंदुस्थानातील शिपाई पुष्कळ असत. ते आपल्याबरोबर रामलीला घेऊन आले असावेत, असे समजावयास जागा आहे. आपल्या सार्वजनिक दसऱ्याची परंपरा खाकीबाबा मठाचे मानदास महाराज यांनी १८५५ साली सुरू केली असे मानतात. रामलीला, रावणदहन, प्रदर्शन आणि दारूकाम असा हा सोहळा. हल्ली रावणाचा पुतळा चांगला ५१ फुटांचा असतो. 'म्हैसूरच्या खालोखाल आमचाच दसरा' असे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, तो हाच.

पुढे १९०३ साली कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी इंग्रजांच्या हिंदी फौजेत सामावल्या गेल्या आणि आपली छावणी उठली. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचे राज्यही गेले. १ मे १९९९ रोजी परभणीतून निघून हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. तोफा गेल्या, रिसाला गेला, नावे तेवढी उरली. ह्या गावाने जेवढी दारू पाहिली, तीपैकी तोफेची दारू निघून गेली आणि शोभेची दारू राहिली. ती कोणा राजाने राखली नाही. गावाने वर्गणी काढून, मैदानावर एकत्र बसून ती राखली. माझ्या मते हिंगोलीच्या इतिहासातली ही फार मोलाची गोष्ट आहे.

परवा तीच नात, आता कॉलेजात जाणारी, मोबाईल घेऊन माझ्याजवळ आली. "आज्जी, बघ, कॅनडात दारूकामाची स्पर्धा असते, तीही गाण्याच्या तालावर." माँट्रियल शहरात १९८५ पासून ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते. निरनिराळ्या देशांचे चमू निरनिराळ्या रात्री आपले काम दाखवितात. स्वर चढला की कारंजे चढते, तबकडीवर थाप पडावी तसे बाण नेमक्या ठोक्यावर फुटतात. मी विचारले, हे साधते कसे? बाण जमिनीवरून निघून वर जाऊन फुटेपर्यंत काही सेकंद जातात. म्हणून ज्या ठोक्यावर फूल उमलावयाचे, त्याच्या तितके सेकंद आधी बत्ती द्यावी लागते. ती माणूस देत नाही, संगणक विजेच्या तारेने देतो. पूर्वी हे शक्य नव्हते. १७४९ च्या एप्रिलमध्ये लंडनला तह झाल्याच्या आनंदात राजाने दारूकाम करविले, त्यासाठी हँडेल या थोर संगीतकाराने मुद्दाम संगीत रचले. पण वाद्ये वाजली आधी आणि दारूकाम पेटले मागाहून. त्यातच पाऊस आला, आणि शोभेसाठी उभारलेल्या लाकडी मंडपाचा एक भाग पेटला.

स्पर्धा आपल्या देशातही आहे. केरळात त्रिशूरच्या पूरम उत्सवात पारमेक्काव आणि तिरुवंबाडी ह्या दोन देवस्थानांची दारूकामात चढाओढ असते, आणि ती पाहण्यास दूरदूरचे लोक जातात. पण त्याच केरळातील कोल्लम जिल्ह्यातली गोष्ट विसरू नये. परवूर येथील पुट्टिंगल देवीच्या उत्सवात १० एप्रिल २०१६ च्या पहाटे अशीच चढाओढ चालू होती. जिल्हा प्रशासनाने स्पर्धेला परवानगी नाकारली होती. एक ठिणगी दारूच्या साठ्यावर पडली आणि शंभराहून अधिक माणसे गेली. ती बिचारी देवीच्या दर्शनाला आणि दारूकाम पाहण्याला आली होती. आपल्यासारखीच सतरंजी अंथरून बसलेली असतील.

हे वाचले तेव्हा मला माझ्या लहानपणची एक दिवाळी आठवली. आमच्या शेजारी एक नवी नवरी आली होती. त्या काळी नायलॉनच्या साडीचे मोठे कौतुक. अंगणात कोणाचा भुईनळा उंच उडतो याची मुलांत पैज लागली होती. तिने दिराच्या हौसेखातर भुईनळा लावला आणि पदराने पेट घेतला. नायलॉन जळताना वितळते आणि अंगाला चिकटते. माझ्या आईने गोधडी टाकून तिला विझविले. ती वाचली, पण पुढे पन्नास वर्षे तिने उन्हाळ्यातही कधी आखूड बाहीचे पोलके घातले नाही. दिवाळीला मात्र ती दरवर्षी उंबऱ्यात उभी राहून मुलांचे भुईनळे पाहत असे, आणि तिच्या पायाशी पाण्याने भरलेली बादली असे.

मला शोभेच्या दारूचे वावडे नाही, हे एव्हाना भगिनींच्या लक्षात आले असेल. पण पैज आली की ती बहुधा उंचीची आणि आवाजाची होते, आणि शोभा मागे पडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली, आणि कमी धुराच्या फटाक्यांचा आग्रह धरला, तो लहान मुले आणि दमेकरी यांच्याकडे पाहूनच. उकाड्याच्या, वारा पडलेल्या रात्री धूर हालत नाही, हे आपण डोळ्यांनी पाहतोच. तो शोभून दिसतो हे खरे, पण तोच आपल्या छातीतही जातो.

तेव्हा आपल्या मंडळाने पुढच्या दसऱ्याला एवढे तरी करावे, असे मला सुचवावेसे वाटते. मैदानावर जाताना सुती लुगडे-पातळ नेसावे. मुलांना दोराच्या अलीकडे आपल्याजवळ बसवावे. घरी दारूकाम असेल तर पाण्याची बादली आधी भरावी, मग काडी ओढावी. कोणाला भाजलेच, तर तूप, शाई किंवा दंतमंजन लावू नये. भाजलेला भाग चांगली वीस मिनिटे थंड, वाहत्या पाण्याखाली धरावा आणि मग दवाखान्यात न्यावे. आणि वर्गणी मागावयास तरुण मंडळी दारी आली की वर्गणी द्यावी, पण विचारावे, "आवाजाचे किती आणि उजेडाचे किती?" उजेडाचे जास्त घ्या म्हणावे.

नाथांनी देवाच्या लग्नात दारूकाम घातले, ते वऱ्हाडाने एकत्र बसून पाहावे म्हणून. पर्वतीच्या पायथ्याशी लोक लोटले, ते त्याचसाठी. आपणही सतरंजी घेऊन जातो, ती त्याचसाठी. यंदा माझे गुडघे साथ देतील तर मीही येईन. माझ्यासाठी कडेची जागा धरून ठेवावी, म्हणजे झाले.