कावेरीकाठची कवडी आणि ग्रहणांची वही

7 सप्टेंबर 2025 च्या रात्री भारतभर खग्रास चंद्रग्रहण दिसले. चंद्र सुमारे 82 मिनिटे पृथ्वीच्या गडद छायेत पूर्ण बुडालेला होता. तमिळनाडूतील कुंभकोणमच्या एखाद्या वृद्ध रहिवाशाने त्याआधी बरोबर तीन 'फेरे' मागचे ग्रहणही पाहिले असेल. ते 6 ऑगस्ट 1971 च्या रात्री लागले होते. ही दोन ग्रहणे एकाच घराण्यातली आहेत. मधल्या 1989 आणि 2007 सालच्या ग्रहणांचे नातेही त्यांच्याशीच आहे. ग्रहणांना अशी वंशावळ असते, ती मांडता येते आणि तिच्या आधारे पुढचे ग्रहण सांगता येते, ही मानवाच्या सर्वांत जुन्या वैज्ञानिक उपलब्धींपैकी एक होय. ही वंशावळ लिहून ठेवण्याच्या अनेक रीती जगात होऊन गेल्या. त्यांतील एक रीत कागदाविना चालत असे, आणि तिचे घर कावेरीच्या मुलुखात व त्याच्या शेजारच्या किनाऱ्यावर होते.

कुंभकोणम हे आकाशाच्या हिशेबावर जगणारे गाव आहे. गुरू सिंह राशीत असताना येणाऱ्या माशी महिन्यातील मघा नक्षत्रावर, पौर्णिमेच्या सुमारास, तेथे महामहम भरतो. 1992, 2004 आणि 2016 ही त्याची अलीकडची वर्षे. गुरूचा फेरा नेमका बारा वर्षांचा नसून 11.86 वर्षांचा असल्यामुळे हे अंतर क्वचित अकरा वर्षांचेही होते. गावापासून काही किलोमीटरवर तिरुनागेश्वरम येथे राहूचे प्रसिद्ध स्थान आहे. गणिताच्या भाषेत राहू आणि केतू म्हणजे चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला जेथे छेदते ते दोन बिंदू, अर्थात पात. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली असल्याने प्रत्येक पौर्णिमेला ग्रहण होत नाही. पौर्णिमेचा चंद्र या दोहोंपैकी एका पाताजवळ असेल तरच तो छायेत शिरतो. हे पात स्थिर नसतात. सुमारे 18.6 वर्षांत ते उलट्या दिशेने राशिचक्राची एक प्रदक्षिणा पुरी करतात.

म्हणून ग्रहणाचा हिशेब तीन घड्याळांचा आहे. पहिले घड्याळ पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंतचे, 29.53 दिवसांचे. दुसरे पातापासून त्याच पातापर्यंतचे, 27.21 दिवसांचे. तिसरे चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येण्याच्या क्षणापासून पुन्हा तशाच क्षणापर्यंतचे, 27.55 दिवसांचे. चंद्राचा वेग आणि त्याच्या बिंबाचा भासमान आकार या तिसऱ्या घड्याळावर ठरतो. ही तिन्ही घड्याळे 6585 दिवस आणि सुमारे 8 तासांनी जवळजवळ एकत्र येतात, कारण पहिल्याचे 223, दुसऱ्याचे 242 आणि तिसऱ्याचे 239 फेरे या काळात पुरे होतात. हेच 18 वर्षे 11 दिवसांचे सॅरोस चक्र. मध्ये पाच लीप वर्षे आली तर 10 दिवसांचे. बाबिलोनच्या गणकांना ते ख्रिस्तपूर्व काळातच ठाऊक होते. वरचे 8 तास मात्र घोटाळा करतात. तेवढ्या वेळात पृथ्वी एक-तृतीयांश फिरते, म्हणून पुढचे ग्रहण जगाच्या दुसऱ्याच भागात दिसते. तीन सॅरोस, म्हणजे 54 वर्षे आणि सुमारे एक महिना लोटला की ते पुन्हा त्याच प्रदेशात येते. 1971 आणि 2025 यांचे नाते हेच.

दक्षिण भारतातील गणकांनी मात्र सॅरोसची वही धरली नाही. त्यांनी तिसऱ्या घड्याळावर लक्ष केंद्रित केले. 248 दिवसांत चंद्राचे वेगचक्र जवळजवळ नऊ वेळा पुरे होते. म्हणून एकदा 248 दिवसांच्या चंद्रस्थितींची यादी तयार केली की तीच पुन्हा पुन्हा वापरता येते. परंपरेने वररुचीच्या नावावर असलेली 'चंद्रवाक्ये' म्हणजे हीच 248 स्थितींची यादी. ती आकड्यांत नसून शब्दांत आहे. कटपयादी पद्धतीत प्रत्येक व्यंजनाला एक अंक असतो आणि शब्द उलट्या क्रमाने वाचला की संख्या मिळते. 'कावेरी' या शब्दात क म्हणजे 1, व म्हणजे 4, र म्हणजे 2. उलट वाचल्यावर 241. अशा सार्थ वाक्यांत गुंफलेले कोष्टक लहानपणी पाठ करून घेतले की गणकाला ग्रंथाची गरज उरत नसे.

नऊ फेरे 248 दिवसांत अगदी नेमके बसत नाहीत, थोडी चूक साचत जाते. ती काढण्यासाठी मोठे माप होते. 248 ची अकरा पट अधिक 303 म्हणजे 3031 दिवस, त्यात 110 फेरे. त्याहून मोठे माप 3031 ची चौपट अधिक 248, म्हणजे 12372 दिवस, त्यात 449 फेरे. या शेवटच्या मापातून चंद्राच्या एका फेऱ्याचा काळ 27.55457 दिवस निघतो. आजचे मूल्य 27.55455 आहे. दुर्बीण नाही, दशांश अपूर्णांकाची लेखनपद्धती नाही, केवळ पूर्णांकांची बेरीज आणि गुणाकार. तरीही फरक दोन सेकंदांच्याही आत येतो.

या पद्धतीची युरोपाला पहिली सविस्तर ओळख पाँडिचेरीत झाली. शुक्राच्या अधिक्रमणासाठी आलेला फ्रेंच खगोलज्ञ ल जाँती 1768 नंतर तेथे राहिला आणि एका तमिळ गणकाकडून ग्रहणगणित शिकला. 30 ऑगस्ट 1765 च्या चंद्रग्रहणाचा अवधी त्याने पडताळून पाहिला. तमिळ रीतीने काढलेला अवधी 41 सेकंदांनी कमी भरला, तर त्या काळी युरोपात श्रेष्ठ मानल्या जाणाऱ्या टोबियास मेयरच्या कोष्टकांनी तो 68 सेकंदांनी अधिक दिला.

दुसरी नोंद जॉन वॉरन या लष्करी अधिकाऱ्याची. तो 1805 ते 1811 या काळात मद्रास वेधशाळेचा प्रभारी होता. 1825 साली त्याचा 'कालसंकलित' हा भारतीय कालगणनेवरील जाडजूड ग्रंथ मद्रासला छापला गेला. तंजावरवर तेव्हा नावाचे राज्य मराठ्यांचे, सरफोजी महाराजांचे होते. 1799 च्या तहाने कुंभकोणमसह मुलुखाचा कारभार मात्र कंपनीकडे गेला होता. दरबाराचे दफ्तर मोडी लिपीत लिहिले जात होते आणि सरस्वती महालात ज्योतिषाच्या पोथ्या जमा होत होत्या. वॉरनला हवे होते ते मात्र पोथीत नव्हते. पाँडिचेरीच्या एका पंचांगकर्त्याने जमिनीवर कवड्या मांडून, एकही आकडा न लिहिता, पाठ केलेल्या वाक्यांच्या आधारे त्याच्यासमोर चंद्रग्रहण करून दाखवले. कलियुगाच्या प्रारंभापासून लोटलेल्या दिवसांतून आधी 1600984 दिवस वजा करायचे, म्हणजे मे 1282 पर्यंत यायचे. मग 12372, नंतर 3031 आणि शेवटी 248 यांचे गठ्ठे काढायचे. जो शेष उरेल त्याचे वाक्य म्हणायचे, आणि चंद्र सापडतो.

ते ग्रहण 31 मे ते 1 जून 1825 च्या रात्रीचे होते. गणिताची चूक स्पर्शात सुमारे 4, मध्यात 23 आणि मोक्षात 52 मिनिटांची निघाली. वरवर पाहता हे अपयश वाटते. परंतु ते ग्रहण साधे नव्हते. 1 जूनच्या पहाटे, चंद्र मावळतीकडे झुकलेला असताना, त्याच्या बिंबाची केवळ एक कड गडद छायेला जेमतेम शिवून जाणार होती. अशा निसटत्या ग्रहणात चंद्राच्या शरात अत्यल्प फरक पडला तरी स्पर्श आणि मोक्षाच्या वेळा पुष्कळ सरकतात. खरे तर ते ग्रहण आपल्या घराण्यातले गडद छायेचे अखेरचे ग्रहण होते. एक सॅरोस उलटून 12 जून 1843 ला तीच पौर्णिमा पुन्हा आली, तेव्हा चंद्र गडद छायेला न शिवता केवळ उपच्छायेतून गेला. अशा कडेवरच्या प्रसंगी ग्रहण लागेल असे कवड्यांनी सांगितले आणि ते लागले, हे यश मिनिटांच्या हिशेबात झाकले जाऊ नये.

वॉरनने त्या गणकाचे नाव 'सामी नादेन शाशिया' अशा मोडक्या वर्णांतरात नोंदवले आणि त्याला सिद्धान्ताचा एक शब्दही कळत नसल्याचे लिहिले. हा शेरा पुढे सव्वाशे वर्षे त्या परंपरेला चिकटून राहिला: घोकंपट्टी आहे, शास्त्र नाही. 1952 साली प्राचीन गणिताचे इतिहासकार ओटो नॉयगेबाउअर यांनी वॉरनची पाने पुन्हा उघडली, तेव्हा त्यांना दुसरेच काही दिसले. 248 आणि 3031 याच संख्या इजिप्तमध्ये सापडलेल्या रोमन काळातील एका ग्रीक पपायरसावर होत्या आणि 248 चे मूळ बाबिलोनच्या मृत्तिकाफलकांपर्यंत जात होते. बाबिलोनी रीत तिच्या मायदेशी कधीच लोपली होती. समुद्र ओलांडून आलेले आणि येथील गणकांनी आपल्या शब्दांत व आपल्या अचूकतेने नव्याने बांधलेले तिचे रूप मात्र 1825 मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावर जिवंत होते. सिद्धान्त न कळणाऱ्या माणसाने तो शतकानुशतके सुखरूप पोहोचवला होता.

मराठी वाचकाला ही वृत्ती परकी वाटू नये. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442 मध्ये 'ग्रहलाघव' रचले, तेही असेच सोय पाहून. त्यांनी 11 वर्षांचे, 4016 दिवसांचे चक्र धरले, ज्याकोटिज्यांचे जंजाळ टाळले, आणि गावोगावचा जोशी त्यावर पंचांग करू लागला. फरक एवढाच की महाराष्ट्रात गणित सोपे केले गेले, तर तमिळ देशात ते पाठ केले गेले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध करून नव्या वेधांवर आधारलेले गणित मराठीत आणले, तेव्हा जुने की नवे हा वाद महाराष्ट्रात पेटला. तमिळ देशातही 'वाक्य' आणि 'तिरुक्कणित' अशी दोन पंचांगे आजवर शेजारी शेजारी नांदत आहेत, आणि अनेक मंदिरे अजूनही वाक्य पंचांगच मानतात.

दरम्यान ग्रहणांच्या याद्या करण्याची दुसरी, छापील रीत पुढे आली. व्हिएन्नाच्या ओपोल्झर यांच्या 1887 च्या ग्रंथात इ.स.पू. तेराव्या शतकापासूनची 8000 सूर्यग्रहणे आणि 5200 चंद्रग्रहणे मांडली गेली. भारताला तिचा उपयोग करून देण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा होता. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी मद्रास सनदी सेवेतील रॉबर्ट सेवेल यांच्यासह 1896 मध्ये भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या परिशिष्टात भारतात दिसणाऱ्या सूर्यग्रहणांची कोष्टके होती. चंद्रग्रहणांची उणीव सेवेल यांनी 1898 च्या स्वतंत्र पुस्तकाने भरून काढली. दीक्षित त्याच वर्षी निवर्तले.

या याद्यांची निकड ज्योतिषाला नव्हे, इतिहासाला होती. दक्षिणेतील असंख्य दाने ग्रहणपर्वावर दिली गेली आणि शिळेवर कोरली गेली. तिरुवल्लम येथील राजराज चोळाच्या सातव्या राज्यवर्षाच्या लेखात विषुव, रेवती नक्षत्र आणि चंद्रग्रहण अशा तीन खुणा आहेत, सन नाही. फ्रान्झ कीलहॉर्न यांनी गणित केले आणि 26 सप्टेंबर 991 हा दिवस काढला. त्या रात्री सूर्य निरयन तूळ राशीच्या उंबरठ्यावर होता, म्हणून समोरचा चंद्र मीनेच्या टोकाला, रेवतीत होता, आणि ग्रहण भारतात रात्रीच्या पहिल्या प्रहरी दिसण्याजोगे होते. तिन्ही खुणा एकाच दिवशी जुळतात. कावेरीच्या मुलुखातून अर्धा दक्षिण भारत जिंकणाऱ्या राजाचे राज्यारोहण 985 साली झाले, हे आज पाठ्यपुस्तकात येणारे वाक्य अशा जुळणीवर उभे आहे.

आता एस्पेनाक आणि मेयस यांच्या 2009 च्या यादीत पाच हजार वर्षांची 12064 चंद्रग्रहणे आहेत आणि प्रत्येकापुढे त्याच्या सॅरोस घराण्याचा क्रमांक आहे. 7 सप्टेंबर 2025 चे ग्रहण 128 व्या घराण्याचे. त्याचा पुढचा वारस सप्टेंबर 2043 मध्ये येईल. यादी आता कोणालाही क्षणात उघडता येते. कवड्यांची रीत मात्र शिकवणारा आणि शिकणारा समोरासमोर बसल्याखेरीज पुढे जात नसे. त्या साखळीतील बहुतेकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. ज्याचे लिहिले गेले त्याचेही धड लिहिले गेले नाही.

2028 साली कुंभकोणमात पुन्हा महामहम भरेल, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री, 31 डिसेंबरला, भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसेल. त्याचा मध्य रात्री सुमारे 10 वाजून 22 मिनिटांनी आहे.