हिमोफिलिया : 'इन्हिबिटर' असलेल्या रुग्णाची शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

बोरिवली किंवा मुलुंडच्या एखाद्या दवाखान्यात दाढ काढणे ही अर्ध्या तासाची बाब असते. हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तात 'इन्हिबिटर' तयार झाले असतील, तर त्याच दाढेसाठी आधीपासून काटेकोर तयारी करावी लागते.

हिमोफिलिया 'ए'मध्ये रक्त गोठविणारा आठवा घटक (फॅक्टर) कमी असतो, 'बी'मध्ये नववा. उणा असलेला घटक शिरेतून देणे हा रूढ उपचार होय. परंतु 'ए' प्रकाराचा तीव्र आजार असलेल्या सुमारे २५ ते ३० टक्के रुग्णांचे शरीर या घटकालाच परका मानून त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनविते. हेच इन्हिबिटर. त्यामुळे नेहमीचे इंजेक्शन निष्प्रभ ठरते.

म्हणून शस्त्रक्रिया ठरताच इन्हिबिटरची चाचणी करावी. त्याचे प्रमाण 'बेथेस्डा' एककात मोजतात. ते ५पेक्षा कमी असल्यास फॅक्टरच्या मोठ्या मात्रेने काम भागू शकते. मात्र काही रुग्णांत त्यानंतर आठवडाभरात प्रतिपिंडे पुन्हा उसळतात. प्रमाण ५हून अधिक असल्यास आठव्या घटकाला वळसा घालून रक्त गोठविणारी औषधे लागतात. त्यांपैकी रिकॉम्बिनंट फॅक्टर सात-ए सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, तर एपीसीसी ८ ते १२ तासांनी देतात. त्यांचा परिणाम अचूक मोजणारी सर्वमान्य चाचणी नसल्याने रुग्णावर बारकाईने लक्ष ठेवावे लागते.

एमिसिझुमॅब घेणाऱ्या रुग्णाने ते शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञास आवर्जून सांगावे. या औषधामुळे एपीटीटी चाचणी फसवी येते आणि सोबत एपीसीसीची मोठी मात्रा दिल्यास रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका संभवतो.

परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे. रक्तस्रावाच्या विकारांचे निदान हे तिचे एक प्रमुख कार्य. बोरिवली-अंधेरीकरांनी प्रभादेवी, तर मुलुंड-घाटकोपरकरांनी परळ स्थानकावर उतरावे.

शस्त्रक्रियेचा दिवस शक्यतो आठवड्याच्या प्रारंभी, रक्तविकारतज्ज्ञ व प्रयोगशाळा उपलब्ध असताना ठेवावा. ॲस्पिरिन व स्नायूत टोचायची इंजेक्शने टाळावीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संपूर्ण उपचाराला पुरेल इतका औषधसाठा हाती आल्याखेरीज नियोजित शस्त्रक्रियेस प्रारंभ करू नये. रक्तस्राव काही दिवसांनीही उद्भवू शकतो. टाके काढताना आणि व्यायामोपचाराच्या वेळीही औषधाचे संरक्षण लागते. साठा मध्येच संपला, तर यशस्वी शस्त्रक्रियाही रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.