पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग : निदानचिन्हांचा इतिहास

युरोपीय भाषांत पुरःस्थ ग्रंथीला असलेले नाव ‘पुढे उभा राहणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. आपली ‘पुरःस्थ’ ही संज्ञाही त्याच अर्थाची. ‘अष्ठीला’ हे तिचे दुसरे नाव वाटोळ्या दगडाचे वाचक आहे. एका नावाने स्थान सांगितले, दुसऱ्याने आकार. रोगाविषयी दोन्ही मूक आहेत. या ग्रंथीच्या कर्करोगाच्या निदानाचा इतिहासही बराच काळ असाच चालला. हाती येई ती खूण अवयवाची, रोगाची नव्हे.

इ. स. १८५३ मध्ये लंडनचे शल्यवैद्य जॉन अ‍ॅडम्स यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने या रोगाची नोंद केली, तेव्हा त्यांनी तो अत्यंत विरळा मानला. १९३८ मध्ये गटमन दांपत्याने, रोग हाडांत पसरल्यावर रक्तातील आम्ल फॉस्फटेज वाढते, असे दाखविले. परंतु ही खूण उमटे तोवर फार उशीर झालेला असे. १९७९ मध्ये अमेरिकेतील बफलो येथे पी. एस. ए. हे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले आणि १९९४ मध्ये निदानासाठी त्याच्या चाचणीस तेथे शासकीय मान्यता मिळाली. तथापि हे प्रथिन निरोगी ग्रंथीही निर्माण करते. वयोमानाने ग्रंथी वाढली किंवा तिला सूज आली, तरी त्याचे प्रमाण चढते. परिणामी कर्करोग नसलेल्या अनेकांनाही सुईने ऊतक काढण्याची परीक्षा सोसावी लागली.

त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी जी. एस. टी. पी. १ या जनुकाकडे लक्ष वेधले. या कर्करोगात त्याच्या नियामक भागातील डी. एन. ए.ची अक्षरे बदलत नाहीत. त्यांतील काहींना मेथिल गट चिकटतो आणि जनुकाचे कार्य थांबते. लिपीच्या अभ्यासकास येथे हलन्त चिन्हाचे स्मरण व्हावे : अक्षर तेच, पण पायाशी दिलेल्या रेघेने त्यातील स्वर लोपतो. निरोगी ऊतकात सहसा न आढळणारी ही खूण २००१ मध्ये रुग्णांच्या मूत्रातही ओळखता आली. सर्वांच्या मूत्रात मात्र ती सापडली नाही. तरीही सुईवाचून रोगाचा माग काढता येईल, ही आशा त्यातून दृढ झाली.

परंतु चिन्ह ओळखणे आणि त्याचा अर्थ लावणे या भिन्न क्रिया आहेत. यांतील कित्येक अर्बुदे इतकी मंद वाढतात की, रुग्णाचा मृत्यू अन्य कारणानेच होतो. उलट शस्त्रक्रियेने वा किरणोपचाराने मूत्रावरील ताबा व पुरुषत्व गमावण्याचा धोका असतो. म्हणूनच अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१२ मध्ये पी. एस. ए.च्या सरसकट चाचणीविरुद्ध मत दिले, व २०१८ मध्ये ५५ ते ६९ वर्षे वयाच्या पुरुषांनी वैद्याशी विचारविनिमय करून स्वतः निर्णय घ्यावा, असे सुचविले. डी. एन. ए.च्या खुणांचे मोलही याच कसोटीवर ठरावयाचे आहे. रोग आहे एवढे सांगून भागणार नाही. तो घातक आहे किंवा नाही, हेही त्यांनी सांगितले पाहिजे.