परकी संशोधकाचा परवाना

प्रवरेच्या कांठीं, नगर-मनमाड रस्त्यावर वसलेल्या कोल्हारासारख्या गांवांतून वैद्यकाचें उच्च शिक्षण घेऊन एखादा तरुण आज संशोधनासाठीं अमेरिकेस निघाला, म्हणजे त्याच्या बुद्धीइतकीच त्याच्या कागदांचीही परीक्षा होते. प्रसिद्ध झालेले निबंध, नामांकित शास्त्रज्ञांचीं शिफारसपत्रें, आपल्या कामानें त्या देशाचें काय हित होणार याचा पुरावा, हें सारें कांहीं परवान्यांसाठीं त्यास तेथील सरकारपुढें मांडावें लागतें. परक्या विद्वानास घरांत घ्यावें कीं न घ्यावें, हा प्रश्न मात्र आजचा नव्हे. सव्वाशें वर्षांपूर्वीं तो खुद्द मुंबईंत, पण उलट बाजूनें उपस्थित झाला होता.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजीं, तत्कालीन रशियन साम्राज्यांतील ओडेसा शहरीं, एका ज्यू कुटुंबांत झाला. प्रख्यात शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांचे ते शिष्य. ज्यू विद्वानास तेथें वर चढण्याची वाट धर्मांतराच्या दारांतून जाई. तें दार हाफकिन यांनीं नाकारलें. १८८८ सालीं देश सोडून ते जिनीव्हास व पुढें पॅरिसला गेले. पाश्चरच्या संस्थेंत त्यांस प्रथम जागा मिळाली ती ग्रंथपालाची. पुस्तकें सांभाळून उरलेल्या वेळांत त्यांनीं पटकीवरील लस सिद्ध केली, आणि १८ जुलै १८९२ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली.

लस तयार झाली. तिची पारख होण्यास पटकीनें गांजलेला देश हवा होता. रशियानें ती स्वीकारली नाहीं. हाफकिन यांचा विचार सयामास जाण्याचा होता. परंतु हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळीं पॅरिसमध्यें इंग्रजांचे वकील होते. त्यांनीं हाफकिन यांची दृष्टि हिंदुस्थानकडे वळविली व त्यांच्यासाठीं आपला शब्द खर्चीं घातला.

त्या काळीं व्हिसा नव्हता. हिंदुस्थानांत पासपोर्टाचा कायदा झाला तो १९२० सालीं. तथापि दार सताड उघडें होतें असेंही नव्हे. १८६४ च्या कायद्यान्वयें कोणाही परकी माणसास देशाबाहेर जाण्याचा हुकूम सरकारास करतां येत असे. वायव्य सरहद्दीवर रशियाची सतत धास्ती घेणाऱ्या सरकारास रशियन पाहुणा हेर वाटणें साहजिक होतें. त्यांतून हाफकिन वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पारड्यांत हीं दोन मोठीं व्यंगें होतीं. एका वजनदार शिफारसीनें तीं झांकलीं गेलीं. मार्च १८९३ मध्यें ते कलकत्त्यास उतरले आणि पटकीची लस घेऊन गांवोगांव हिंडले.

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला, आणि ऑक्टोबरांत हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस मिळाली एक खोली, एक पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई. तेवढ्या सामग्रीवर तीन महिन्यांत लस झाली. १० जानेवारी १८९७ रोजीं ती त्यांनीं पुन्हां आधीं स्वतःस टोंचून घेतली; मग भायखळ्याच्या तुरुंगांतील, आपण होऊन पुढें आलेल्या कैद्यांस दिली. त्याच वर्षीं १० मार्चला पुण्यांत प्लेगग्रस्तांची सेवा करतां करतां सावित्रीबाई फुले निवर्तल्या, आणि २२ जूनच्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली. सरकारी सक्तीनें संतापलेल्या लोकांस सुईचेंही भय वाटे. अशा वेळीं आगाखानांनीं उघडपणें लस घेतली व प्रयोगशाळेस जागाही दिली. १८९९ सालीं ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली. पुढें हाफकिन ब्रिटिश प्रजाजनही झाले.

पण कागदावरील परवाना निराळा आणि मनांतील निराळा. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ जणांस लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस घेतलेले १९ जण धनुर्वातानें दगावले. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांस कामावरून दूर व्हावें लागलें. वस्तुतः बाटली उघडतांना गांवींच मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, व तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला होता. हें पटवून देण्यास पांच वर्षें लागलीं. जुलै १९०७ मध्यें रोनाल्ड रॉसप्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत त्यांची बाजू मांडली, तेव्हां वर्षअखेर त्यांस दोषमुक्त करण्यांत आलें. ते परत आले ते कलकत्त्यास. मुंबईची प्रयोगशाळा त्यांस पुन्हां लाभली नाहीं. १९१४ मध्यें ते निवृत्त झाले, आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजीं लोझान येथें वारले.

परळच्या संस्थेस १९२५ सालीं हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें. ज्या माणसास डफरिनच्या शब्दानें प्रवेश मिळाला, त्याच्या नांवाची पाटी आज त्या दारावर आहे. शिफारसीनें त्यास देशांत आणलें. परंतु एका गांवच्या चिमट्यानें गेलेली पत परत मिळविण्यास त्याच्या जातभाई शास्त्रज्ञांनाच पुन्हां लेखणी उचलावी लागली. परदेशीं निघालेल्या तरुण संशोधकानें कागद नीट जुळवावेतच. पण ज्यांना आपलें काम ठाऊक आहे, अशीं माणसेंही जोडावींत.