वाऱ्याच्या नावाचं अक्षर

अब्बा गेले तेव्हा चाळिसाव्याची पत्रिका छापायला मी गेलो होतो. डीटीपी करणाऱ्या मुलानं पडद्यावर हातानं लिहिल्यासारखं, उड्या मारणारं एक वळण लावून दाखवलं. "काका, छान दिसतंय ना?" अक्षर सुंदरच होतं, पण त्यात अब्बांचं नाव हसत होतं. मी म्हटलं, "साधं लाव, बाबा."

तेव्हापासून मला हस्ताक्षरी टाइपांचं कुतूहल जडलं. त्या कुळातलं माझ्या आवडीचं अक्षर फ्रान्समधलं. त्याचं नाव 'मिस्त्राल'.

मार्सेय शहरात 'ऑलिव्ह' नावाची टाइप फाउंड्री होती. रोजे एक्स्कोफों हा तिचा कलावंत. जन्म १९१०चा, तोही मार्सेयचाच. १९५३ साली त्यानं स्वतःच्या हस्ताक्षरावरून हा टाइप केला. रोन नदीच्या खोऱ्यातून भूमध्य समुद्राकडे झेपावणाऱ्या थंड, कोरड्या वाऱ्याला तिकडे मिस्त्राल म्हणतात. तेच नाव अक्षराला दिलं. आणि खरोखर, ही अक्षरं वाऱ्यावर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी हलतात. कुणी ओळीच्या खाली उतरतं, तर कुणी वर उडतं.

गंमत पुढेच आहे. छापखान्यातला प्रत्येक खिळा सुटा, चौकोनी. लिहिताना मात्र हात न उचलता एका अक्षरातून दुसऱ्यात जातो. एक्स्कोफोंनं अक्षरांची शेपटं अशी बेतली की, एकाचं टोक दुसऱ्याच्या सुरुवातीला बरोबर भिडावं. जुळाऱ्यानं खिळे शेजारी लावले की सलग ओळ तयार! आपली शिरोरेषाही खिळ्यांवर तुकड्यातुकड्यांनीच असे आणि कागदावर अखंड दिसे.

उर्दूच्या नस्तालीकला हे सोपं नव्हतं. तिथे शब्द उतरणीवरून घसरत येतो. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कितीतरी वर्षं कातिबाच्या हातानं लिहून छापली जात. १९८१मध्ये 'नूरी नस्तालीक' आलं ते अक्षरांच्या हजारो जोडण्या आधीच लिहून ठेवल्यावर.

मिस्त्राल फ्रान्समधल्या दुकानांच्या पाट्यांवर रुळलं. पुढे ते संगणकातही आलं. २०११च्या 'ड्राइव्ह' या अमेरिकी चित्रपटाची श्रेयनामावली याच अक्षरात, गुलाबी रंगात झळकली. पाटी, शीर्षक, आमंत्रण अशा दोन-चार शब्दांत ते खुलतं. त्यात पानभर मजकूर लावला, तर मात्र वाचणारा थकतो.

असं का होतं? माणूस दहा वेळा 'अ' लिहितो तेव्हा दहाही वेळा तो थोडा वेगळा उमटतो. टाइपातला 'अ' दर वेळी तोच. त्याची लाडिक मुरड पहिल्यांदा मोहवते, दहाव्यांदा पाठ केलेली वाटते. हा नटाचा जिवंतपणा आहे. रंगमंचावर तो शोभतो, घरात चोवीस तास नको होतो.

एक्स्कोफों १९८३ साली गेला. त्याच्या हाताचं वळण मात्र आजही अनोळखी माणसांच्या पाट्या रंगवतं आहे. एवढं भाग्य किती हातांना लाभतं?

माझ्याकडे अब्बांचं एक पोस्टकार्ड आहे. त्यात 'खुशाल' हा शब्द तीनदा आला आहे. तिन्ही वेळा वेगळा.