हरणाचा फोटो काढायला नेमका किती झूम लागतो?

‘माझ्या फोनला १०० एक्स झूम आहे, मग हरणाचा फोटो असा धुरकट का येतो?’ हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. दोष बहुतेक वेळा फोनचा नसतो. टेलिफोटो लेन्स नेमकं काय काम करते हे कळलं, तर फोटो सुधारतोच, शिवाय समोरचा प्राणीही पळून जात नाही. दोन्ही गोष्टी एकमेकांशी जोडलेल्या आहेत.

उदाहरण म्हणून रेहेकुरी घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं हे छोटं अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी जाहीर झालं. क्षेत्रफळ फक्त २.१७ चौरस किलोमीटर. गवताळ, काटेरी झुडपांचा, बराचसा सपाट भाग. म्हणजे तुम्हाला काळवीट लांबून दिसतं, आणि त्यालाही तुम्ही लांबूनच दिसता. (शास्त्रीयदृष्ट्या काळवीट हरीण नाही, कुरंग आहे. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, काळविटाची कायम राहतात. पण बोलताना आपण सगळ्यांना हरीणच म्हणतो.)

५० मीटरचा हिशेब

समजा काळवीट ५० मीटरवर आडवं उभं आहे आणि त्याची लांबी साधारण १.२ मीटर आहे. फोटो १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४००० पिक्सेल रुंद. आता बघा (फोकल लेन्थ फुल-फ्रेमच्या हिशेबात):

- २४ मिमी (फोनचा मुख्य कॅमेरा): फ्रेममध्ये ७५ मीटर रुंदीचं माळरान, काळवीट फक्त ६४ पिक्सेल.
- १२० मिमी (फोनचा ५ एक्स): १५ मीटर रुंदी, काळवीट ३२० पिक्सेल.
- २३० मिमी (फोनचा १० एक्स): साधारण ८ मीटर रुंदी, काळवीट ६०० पिक्सेलच्या आसपास.
- ६०० मिमी (कॅमेऱ्याची मोठी लेन्स): ३ मीटर रुंदी, काळवीट १६०० पिक्सेल.

खरा, म्हणजे ऑप्टिकल झूम जिथे संपतो, तिथून पुढे फोन तेच पिक्सेल ताणतो आणि मधल्या जागा सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. म्हणून केसांच्या जागी ऑइल पेंटिंगसारखे फराटे दिसतात.

फोन असेल तर

फोनमध्ये लांब लेन्स बसवायला जागा नसते. त्यामुळे पेरिस्कोप कॅमेऱ्यात प्रिझमने प्रकाश ९० अंशात वळवून लेन्स आडवी ठेवतात. पण एक गंमत आहे. उजेड कमी असला की काही फोन ५ एक्स दाबल्यावरही टेलिफोटो वापरतच नाहीत, मुख्य कॅमेऱ्याचा फोटो कापून देतात. ओळखायचं कसं? ५ एक्स लावा आणि मुख्य लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली तर टेलिफोटो बंद आहे.

दुर्बीण असेल तर अजून एक जुगाड आहे. ८×४२ दुर्बिणीच्या डोळा लावायच्या बाजूला फोनचा मुख्य कॅमेरा नीट टेकवला, तर २४ मिमीचे जवळपास १९० मिमी होतात. कडा काळ्या येतात, त्या नंतर कापायच्या. हात हलतो, म्हणून अ‍ॅडॅप्टर घेतलेला बरा.

सेटिंग

- उभ्या हरणाला १/५०० सेकंद शटर पुरतं, पळणाऱ्याला १/२००० लागतं. त्यासाठी आयएसओ वाढला तरी चालेल. थोडा नॉइज परवडतो, हललेला फोटो परवडत नाही.
- फोकस डोळ्यावर. मध्ये गवत असेल तर ऑटोफोकस गवतालाच धरतो, म्हणून एकच फोकस पॉइंट निवडा.
- काळविटाची पाठ काळी, पोट पांढरं. उन्हात पांढरा भाग जळतो, म्हणून एक्सपोजर थोडं कमी करा. फोनवर फोकसला टॅप करून सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं.
- ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. लांबचा फोटो मग कितीही महागड्या लेन्सने मऊच येतो. सकाळचे पहिले दोन तास सोडू नका.
- फ्लॅश, फोकसचा दिवा आणि शटरचा आवाज आधीच बंद करा.
- गाडीच्या खिडकीवर तांदळाची पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवा. इंजिन बंदच हवं.

‘अजून थोडं पुढे’ कधी म्हणायचं नाही

अंतर किती ठेवायचं हे हरीणच सांगतं. चरताना मान खाली, शेपटी हलतेय, म्हणजे ते निवांत आहे. मान वर, दोन्ही कान तुमच्याकडे, चरणं बंद, म्हणजे तुम्ही पुरेसे जवळ आलात. इथेच थांबा. पाय आपटला, चितळाने शेपटी उभी केली किंवा इशाऱ्याचा आवाज दिला, तर हळूच मागे फिरा. मी माळावर एक गोष्ट नेहमी बघतो: माणूस हलायचा थांबला की थोड्या वेळाने मान पुन्हा खाली जाते. चांगले फोटो त्यानंतर मिळतात.

हे फक्त फोटोसाठी नाही. मे महिन्यात पाणवठ्यावर आलेला कळप आपल्यामुळे पळाला, तर तो पाणी न पिताच जातो. गवतात एकटं बसलेलं पाडस बहुतेक वेळा हरवलेलं नसतं. आईने त्याला लपवलेलं असतं आणि माणूस जवळ असेपर्यंत ती परत येत नाही. हात लावू नका, क्लोजअपही घेऊ नका, निघून जा.

कायदाही स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात प्राण्यांना त्रास द्यायला मनाई आहे. काही व्याघ्र प्रकल्पांत सफारीत मोबाईल वापरायलाच बंदी आहे, त्यामुळे बुकिंग करतानाच नियम वाचा.

मग विकत काय घ्यायचं?

सुरुवातीला काहीच नाही. आहे त्या फोनने माळ, आकाश आणि त्यात छोटासा कळप असा फोटो काढा, २४ मिमीला तोच शोभतो. आवड टिकली तर वापरलेला कॅमेरा आणि ७०-३०० मिमी लेन्स बघा. १.५ पट क्रॉप सेन्सरवर ३०० मिमी हे ४५० मिमीसारखं काम करतं. पुढे १५०-६०० मिमी आहेच. लेन्स कितीही मोठी घेतलीत, तरी वाचलेले मिलिमीटर पायाने भरून काढायचे नाहीत, एवढं लक्षात ठेवा.