अल-बिरुनी यांनी पृथ्वी कशी मोजली?

'हजार वर्षांपूर्वी अल-बिरुनींनी पृथ्वी ९९ टक्के अचूक मोजली,' अशी पोस्ट सध्या मोबाईलवर फिरते आहे. मोजणीची गोष्ट खरी आहे. खलिफा मामूनच्या खगोलशास्त्रज्ञांना याच कामासाठी वाळवंट तुडवावे लागले होते. ९७३ साली ख्वारिझ्ममध्ये जन्मलेल्या अल-बिरुनींनी ते एका डोंगरावर साधले. आजच्या पाकिस्तानी पंजाबातील नंदना किल्ल्याजवळ त्यांनी आधी डोंगराची उंची काढली. मग माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते, तो कोन मोजला. तो भरला ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. त्यावरून त्रिकोणमितीने पृथ्वीची त्रिज्या निघाली, सुमारे १ कोटी २८ लाख हात.

'९९ टक्के' मात्र जपून घ्यावे. त्यांचा हात किती लांबीचा धरायचा, यावर किलोमीटरचा हिशेब बदलतो. शिवाय हवेत प्रकाश वाकतो आणि कोनात फरक पडतो. म्हणून त्यांची युक्ती लहान ठरत नाही.

हिंदुस्थान समजून घेण्यासाठी ते संस्कृत शिकले. त्यांच्या 'किताब-उल-हिंद'ची सुरुवातच ऐकीव आणि डोळ्यांनी पाहिलेले यांतल्या फरकाने होते. त्यांच्याबद्दलची पोस्ट आपण न तपासता पुढे पाठवली, तर अभिमान नेमका कशाचा?